तारेची शिलाई

रघुवीर खांबेटे छापखान्याच्या वासात वाढला. सोलापुरात वडिलांचा बाइंडिंगचा कारखाना होता, आणि शाळा सुटली की तो फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालायला बसायचा. पुढे पुण्यात डिप्लोमा झाला, मग लीड्सला शिक्षण, आणि शेवटी केंब्रिजच्या ‘ब्रॅमवेल अँड हाइड’मध्ये नोकरी. ही कंपनी आफ्रिकेतल्या शाळांसाठी पुस्तकं काढायची. कागद कुठला घ्यायचा, शिलाई कशी करायची, पुस्तक किती वर्षं टिकेल, हे सगळं रघुवीर बघायचा.

२००१ साली कंपनीने त्याला मलावीला पाठवलं. ब्लँटायर शहरात त्याची लामेक कामांगांशी ओळख झाली. कामांगा साठीच्या घरातले, आधी शाळामास्तर होते. आता तिथल्या चिचेवा भाषेत लहान मुलांची वाचनपुस्तकं काढत होते. पदरी अकरा माणसं, छपाईचं एक जुनं मशीन आणि तारेचे टाके घालायची दोन यंत्रं, एवढाच पसारा. त्यांनी रघुवीरला कारखाना दाखवला, घरी नेऊन जेवू घातलं आणि मग एक पुस्तक पुढ्यात ठेवलं.

“तुम्ही यातले जाणकार आहात. खरं काय ते सांगा.”

रघुवीरने पुस्तक ओढून पाहिलं, पिळून पाहिलं, बादलीत बुडवून पाहिलं. “तार चालेल,” तो म्हणाला. “फक्त गंज न धरणारी घ्या, आणि पाठीला कापडाची पट्टी चिकटवा. चार वर्षं काही होत नाही.”

माझे वडील असंच करायचे, हेही त्याने सांगितलं. कामांगांनी पुढच्याच महिन्यात पट्टी लावायला सुरुवात केली आणि नमुना केंब्रिजला पाठवून दिला. काम नेटकं होतं.

तीन वर्षांनी एका युरोपीय मदतसंस्थेने मलावीच्या शाळांना पुस्तकं पुरवायचं ठरवलं. कुठली पुस्तकं चालतील याच्या तांत्रिक अटी लिहायला त्यांना माणूस हवा होता. रघुवीरचा बॉस कॉलिन याने त्याचं नाव सुचवलं.

“दोऱ्याची शिलाईच माग,” कॉलिन सहज बोलावं तसं बोलला. “तिथल्या मुलांना चांगलं पुस्तक नको का?”

दोऱ्याने शिवायचं यंत्र अख्ख्या ब्लँटायरमध्ये नव्हतं. हे रघुवीर स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला होता, आणि त्यानेच ते कॉलिनला आल्या आल्या सांगितलं होतं. पण त्या महिन्यात ऑफिसातल्या चौघांना नोकरकपातीची पत्रं मिळाली होती. दोन दिवस त्याने अटींचा मसुदा पुढेमागे केला. दोऱ्याची शिलाई तारेपेक्षा चांगली असते, यात खोटं काय आहे, असं स्वतःला बजावलं, आणि सातवी अट लिहून टाकली: तारेने शिवलेली पुस्तकं विचारात घेतली जाणार नाहीत. खाली नाव नव्हतं. फक्त ‘तांत्रिक सल्लागार’.

काम ब्रॅमवेलला मिळालं. चिचेवाची पुस्तकंसुद्धा केंब्रिजमधूनच तयार होऊ लागली.

२००५च्या फेब्रुवारीत कामांगा एका परिषदेसाठी लंडनला आले. रविवारी त्यांनी किंग्ज क्रॉसहून गाडी पकडली आणि दुपारी जेवायला रघुवीरकडे पोचले. त्यांच्या अंगावरचा कोट त्या थंडीला अगदीच पातळ होता. रघुवीरच्या बायकोने, सीमाने, त्यांना हीटरजवळ बसवलं आणि गरम वरणभात वाढला. दहा वर्षांच्या अन्वीने त्यांनी आणलेलं पुस्तक उघडून रोमन लिपीतली चिचेवा वाक्यं खाडखाड वाचून दाखवली.

“बाबा, मला काहीच समजला नाही, पण वाचता येतो!” ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली.

ती काय म्हणाली ते सीमाने सांगितल्यावर कामांगा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “आमची भाषा लिहायला सरळ आहे. मूल तीन महिन्यांत वाचायला लागतं. पुस्तक मात्र हाती पडायला हवं.”

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून कागद काढले.

“मी मदतसंस्थेकडे तक्रार करतोय. सातव्या अटीबद्दल. माझं इंग्रजी जुन्या मास्तरांचं, तुम्ही जरा नीट करून द्याल?”

रघुवीरने कागद घेतले. तक्रार साधी होती. तारेची शिलाई आणि कापडी पट्टी असलेलं पुस्तक चार वर्षं टिकतं, आणि आमच्या कारखान्यात ब्रिटनहून आलेल्या एका तज्ज्ञाने हे स्वतः तपासून सांगितलं आहे, असं त्यात लिहिलं होतं.

“इथे तुमचं नाव घालू का?” कामांगांनी विचारलं.

“नाव नको,” रघुवीर म्हणाला. “कंपनीला चालणार नाही.”

“बरोबर आहे. तुमची नोकरी आहे.” मग ते म्हणाले, “ही अट ज्याने लिहिली ना, त्याला आमच्याकडे काय नाही ते नेमकं ठाऊक असणार.”

रघुवीरने मान वर केली नाही. त्याने दोन तास बसून ती तक्रार दुरुस्त केली, आणि मन लावून केली. दोन ठिकाणी मुद्दा आणखी धारदार केला. मग त्यांना गाडीवर सोडून आला.

मार्चअखेर तीच तक्रार त्याच्या टेबलावर येऊन पडली. संस्थेने ती ‘तांत्रिक सल्लागारांच्या अभिप्रायासाठी’ पाठवली होती. स्वतःचीच वाक्यं त्याने पुन्हा वाचली.

“कॉलिन, याचं उत्तर तू दे.”

“जमणार नाही. ज्याने अटी लिहिल्या त्यानेच सही करायची, असा त्यांचा नियम आहे. दोन पॅरेग्राफ पुरेत.” कॉलिनने तक्रारीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “हा तज्ज्ञ कोण?”

“माहीत नाही,” रघुवीर म्हणाला.

उत्तरात त्याने लिहिलं की अट योग्य आहे, आणि तक्रारीत म्हटलेल्या तज्ज्ञाच्या मताची कुठेही नोंद आढळत नाही. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. एक प्रत तक्रारदाराला जाणार होती.

घरी आल्यावर त्याने सीमाला सगळं सांगितलं.

“ते आले तेव्हा का नाही सांगितलंस?”

“जमलं नाही.”

“अरे, जेवले ना ते आपल्याकडे,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

एप्रिलमध्ये तक्रार फेटाळली गेली. जूनमध्ये ब्लँटायरहून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून कळलं की कामांगांचा कारखाना बंद झाला. अकरा जण घरी बसले. तारेची यंत्रं खोकी बनवणाऱ्या कुणीतरी नेली, आणि शिल्लक पुस्तकांची पानं बाजारात सुकी मासळी बांधायला जाताहेत.

त्या शनिवारी सकाळी रघुवीरने फोन लावला. काय बोलायचं ते त्याने कागदावर लिहून ठेवलं होतं. पलीकडे मिसेस कामांगा होत्या. त्यांनी त्याला लगेच ओळखलं आणि सीमाची, अन्वीची चौकशी केली. त्यांना काहीच माहीत नसावं.

“थांबा हं, देते त्यांना.”

त्यांनी हाक मारली. चिचेवात काहीतरी बोलणं झालं. कामांगांचा आवाज रघुवीरला स्पष्ट ऐकू आला, शांत, नेहमीसारखाच.

“मिस्टर रघुवीर,” बाई म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज पार उतरला होता. “ते म्हणताहेत, ते घरी नाहीत.”

“मग केव्हा करू फोन?”

त्यांनी पलीकडे विचारलंसुद्धा नाही. फोन ठेवून दिला.