सिद्ध धावपट्टीवरचे एकतीस किलो

अमरावतीतल्या आमच्या क्रीडा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अकोल्याचे वायुगतीबाबा प्राचार्यांच्या आमंत्रणावरून आपली ‘सिद्ध धावपट्टी’ घेऊन आले होते आणि आमचे यंत्रच त्यांची साक्ष देत होते. पावलाचा दाब मोजणारी पाटी आमच्याकडे जमिनीत बसवलेली आहे. बाबांचा शिष्य देवमन तिच्यावरून धावला तेव्हा आकडा आला दीडशे किलो. वर बाबांची जाड, कडक पट्टी अंथरली, तेव्हा नव्वद. लोकांनी हात जोडले.

माझा जीव मात्र हर्षाकडे लागला होता. मोर्शीच्या संत्रेवाल्या खुशालरावांची ही मुलगी. तिच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेला आणि रविवारी पोलीस भरतीची धाव. डॉक्टर म्हणाले होते, दीड महिना पळायचे नाही. बाबा म्हणाले, या पट्टीवर रोज एकवीस फेऱ्या मार, दाब हाडाला शिवणार नाही. अट एकच, पट्टीला लोखंड लावायचे नाही, नाहीतर शक्ती जाते. हर्षा बुटाच्या नाड्या बांधत होती आणि मला राहवेना.

मी खुशालरावांना पट्टीवर नुसते उभे केले. ब्याऐंशी किलोचा गडी खालच्या पाटीवर एकावन्न भरला.

“काका, सकाळपासून उपाशी आहा काय तुमी?” मी विचारले.

मग पट्टीवरच काचेचा साधा वजनकाटा ठेवून त्यांना त्यावर चढवले. ब्याऐंशी.

“मंग बाकीचे एकतीस किलो गेले कुठं?” हर्षाने विचारले.

मी करवत आणली आणि पाटीच्या चारही कडांवरून पट्टी कापली. बाबा ओरडत राहिले. खुशालराव पुन्हा उभे राहिले तेव्हा पाटीनेही ब्याऐंशीच दाखवले.

“लोखंड लागलं, शक्ती गेली,” बाबा म्हणाले.

“पण काट्यानं लोखंड लागाच्या आधीच ब्याऐंशी दाखवले ना, बाबा,” हर्षा म्हणाली.

कडक पट्टी आजूबाजूच्या फरशीवरही टेकली होती, नालीवर फळी टाकावी तशी. बराच भार फरशी उचलत होती, आणि पाटी फक्त आपल्या वाट्याचा मोजत होती. पायावर पडायचा तो भार पडतच होता. पाटीवर काहीही अंथरताना ते तिच्या मापाचे कापायचे, हा आमचा रोजचा नियम. प्राचार्यांच्या भिडेपोटी मी तो त्या दिवशी मोडला, याची मला लाज वाटते.

“माह्या पोरीचं हाड मोडलं असतं,” खुशालराव हळूच म्हणाले.

हर्षाने बूट काढले आणि ढसाढसा रडली. तिची रविवारची भरती आता हुकणार होती, आणि ते दुःख खोटे नव्हते. म्हणून सांगतो, यंत्राचा आकडा पाहूनही लगेच हात जोडू नका. ते नेमके काय मोजते आहे, हे आधी विचारा, आणि पोरीला त्यानंतरच पळू द्या.