रेघेवरचा भुसा

डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला, औषधं झाली, रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर गेला, आता तुम्ही बरे आहात." तेव्हापासून चार महिने घरीदारी तोच पाढा. बरा माणूस तिसऱ्या मजल्यावर जाताना मध्ये दोनदा का थांबतो, हे कुणी विचारू नये म्हणून मी शेजाऱ्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासू लागलो. सुताराला ते शोभतं. दोघांनी तर त्या फुकटात दुरुस्तही करून घेतल्या.

बायकोला संशय होता. धाकट्या भावाला मात्र मी ताकास तूर लागू दिली नाही. माझ्या आजारपणात आमचं सुतारकामाचं दुकान त्यानं एकट्यानं ओढलं. आता दादा कामाचा राहिला नाही असं त्याला वाटलं तर, या भीतीनं मी खंगत होतो.

वडिलांचा एकच नियम होता. आधी रेघ फुंकायची, मग करवत चालवायची. कापताना फळीवर भुसा साचतो आणि पेन्सिलची रेघ दिसेनाशी होते. भावानं मध्यंतरी एक ब्रश आणला होता. मी तो खिडकीत टाकून दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

त्या दिवशी दाराची फळी कापत होतो. फुंकलं तर खोकल्याची उबळ येणार आणि भाऊ समोरच उभा. मी अंदाजानं करवत ओढत राहिलो. फळी बोटभर आखूड कापली गेली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

भावानं ती उचलली, पाहिली. "स्टुलाला होईल," म्हणाला. नवी फळी आणून त्यानं रेघ मारली आणि माझ्यापुढे ठेवली. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

थोडं कापल्यावर रेघ पुन्हा बुडाली. माझे हात थांबले.

"मला फुंकता येत नाही रे," मी म्हणालो. "जिनाही चढवत नाही. मी बरा नाहीये."

"माहितीये दादा. ब्रश काय मिशा झाडायला आणला होता?"

त्यानं वाकून फुंकर मारली, ती इतक्या जोरात की भुसा दोघांच्याही डोळ्यांत गेला. डोळे पुसायला आम्हाला बराच वेळ लागला.

"दिसते का रेघ?" त्यानं विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो. चार महिन्यांत कुणाला थांब म्हणायची ही माझी पहिलीच वेळ होती.