लुक्शाचे कुरव

“आई, खरं सांग, तू अजून त्या पाखरांना खायला घालतेस?” अंतुनने तपासणीचा कागद टेबलावर आपटला.

येलाने कांदा चिरायचं थांबवलं नाही. “घालते. तुझे बाबा घालायचे.”

“तेव्हा दहा होती, आता दोनशे आहेत! सगळी खाडीत तरंगणाऱ्या आपल्याच पिंपांवर बसून घाण करतात. आणि पिंपांखाली काय लटकतंय? कालवं! त्यात जंतू सापडलेत. तपासणीवाली बाई म्हणाली, हा माणसांचा मैला नाही, पक्ष्यांचा आहे. संत योसिपचा सण आठवड्यावर आला आणि अख्ख्या खाडीची विक्री बंद!”

येलाची सुरी थांबली. जंतू सापडल्यापासून गेले दहा दिवस गावाने शेजारच्या मातोच्या शौचखड्ड्यावर खापर फोडलं होतं. येलाही त्यात मागे नव्हती. बिचाऱ्याने अंगण खणून दाखवलं, तरी दुकानात त्याच्याशी कुणी धड बोलेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

तिचा नवरा लुक्शा कालवं साफ करताना मेलेली, फुटकी बाजूला काढायचा, शीळ घालायचा आणि समुद्रावरच्या कुरव पक्ष्यांना ती भिरकावायचा. दोन वर्षांपूर्वी होडीतच त्याचं हृदय बंद पडलं. महिन्याभराने येला एकटीच होडी घेऊन गेली आणि तिने भीतभीत त्याची शीळ घातली. कुरव ओरडत असे झेपावले, जणू लुक्शाच परत आला होता. त्या दिवशी ती पोटभर रडली. मग रोज जाऊ लागली. घरात लुक्शाचं नाव निघालं की अंतुन विषय बदलायचा. त्या शिळेला ओ देणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“मी उद्या पिंपांवर तारा लावतो,” अंतुन नरमला. “पण तू घास टाकत राहिलीस तर तारांना कोण भीक घालतंय? आणि मातोकाकांना काय सांगू?”

“त्याला मीच सांगते.”

ती गेली तेव्हा मातो आपल्या दारातच उभा होता. तिने सगळं सांगितलं, माफी मागितली.

“लुक्शा माझाही दोस्त होता, वहिनी,” तो म्हणाला. “पण त्याची पाखरं माझ्या मुळावर उठली बघा.”

येला मान खाली घालून परतली.

सकाळी तिने होडी काढली. शीळ घातली नाही, तरी इंजिनाच्या आवाजाने कुरव जमलेच. तिने डबा बडवला, आरडाओरडा केला. थवा उडाला. एक म्हातारा लंगडा कुरव मात्र पिंपावरून हलेना.

“जा रे बाबा,” येला रडत म्हणाली. “तो नाही येणार आता.”

तिने होडीच्या तळाशी पडलेला रिकामा शिंपला उचलून त्याच्यावर जोरात फेकला. कुरवाने चोच उघडून तो वरच्यावर झेलला आणि तिच्याकडे बघत राहिला.

येलाने डोळे पुसले. दुसरा शिंपला उचलला आणि या वेळी त्याला उडवून लावायला नीट नेम धरला.