सर्व्हरची खंडेनवमी

दसऱ्याला मुहूर्ताचा कापूस घ्यायचा, ही दिग्रसच्या बाबुलाल शेठच्या जिनिंगची जुनी रीत. त्या वर्षी भाव आधीच पडलेला, ताटकळायची हौस कुणालाच नव्हती. आणि नेमका त्याच सकाळी काट्याजवळचा सर्व्हर रुसून बसला. टोकन निघेना, टोकनाशिवाय वजन होईना.

अनघा यवतमाळहून मिळेल त्या एसटीने आली. सॉफ्टवेअर तिचं, तिचं पहिलं मोठं काम. वर्षभर ते एकदाही अडलं नव्हतं, याचा तिला भारी तोरा होता. "गाड्या परत गेल्या, तर मी नागपूरवाल्यांचं घेतो," शेठनी फोनवर बजावलं होतं.

काट्यावरचा घनश्याम चोरासारखा उभा होता. सर्व्हरवर हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल.

"काल खंडेनवमी होती ना, ताई. साऱ्या मशिनी बंद करून पूजा केली. यालेच काहून जुंपून ठेवाचं, म्हणून यालेबी सुट्टी देल्ली. आता उठूनच नाही राह्यला."

"कशाला हात लावलात?" ती खेकसली आणि स्क्रीनपुढे बसली.

थोड्याच वेळात तिचे कान लाल झाले. सुरू होताना लागणारे भाग सॉफ्टवेअरने इंटरनेटवरून आणायचे, तेही सगळ्यात नवे, असं तिनेच लिहून ठेवलं होतं. पण शेठचा इन्व्हर्टर एवढा दणकट, की लोडशेडिंगमध्येही सर्व्हर कधी बंद पडला नाही आणि काही आणायची वेळच आली नाही. आज त्याने छपाईचा नवाकोरा भाग आणला, आणि त्याचं बाकीच्यांशी पटेना. चालतंय म्हणजे पक्कं आहे, असं धरून बसलेल्या स्वतःचीच तिला लाज वाटली.

जुना भाग तिच्या लॅपटॉपवर होता. तो आणि त्याचे सगळे सोबती तिने सॉफ्टवेअरच्या आतच बांधून टाकले. बाहेरून काही आणायचं नाही, अशी तंबी लिहिली. टोकन निघालं. रांगेत पुढे असलेल्या मैनाबाईने बैलांचा कासरा हाती घेतला.

"थांबा," अनघा म्हणाली. तिने इंटरनेटची वायर उपटली. "घनश्यामभाऊ, आता हा बंद करा."

"म्या? नाही बाप्पा! चालू झाला ना, राहू द्या."

"चूक माझी होती. तुमच्या पूजेने ती उघडी पडली, नाहीतर ऐन हंगामात नडली असती. करा बंद."

घनश्यामचा चेहरा खुलला. त्याने सर्व्हरला हात जोडले आणि बटण दाबलं. पंखा थांबला. त्याने पुन्हा बटण दाबलं. पडदा काळाच होता. नागपूरवाले अनघाच्या डोळ्यांपुढे नाचून गेले. मग पंखा घुमला, पडदा उजळला आणि टोकन खर्रकन बाहेर आलं. ती चक्क टाळ्या वाजवू लागली.

घनश्यामचा हात परत बटणाकडे गेला. "आणखी एक डाव पाहू काय, ताई?"

"पूजा मंग कर रे," मैनाबाई ओरडली, "आधी माही गाडी मोज!"