तेरा इंचांत न मावलेला हात

मी एक जुना लॅपटॉप आहे, तेरा इंचांचा. जुना म्हणजे चारच वर्षांचा, पण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे साठी उलटली म्हणायची. बिजागरी कुरकुरते, बॅटरी तासाभरात मान टाकते. तरी मित्रांनो, आठवण शाबूत आहे तोवर एक गोष्ट सांगून टाकतो.

माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत घडले, ते मलाही नीट ठाऊक नाही. मला आठवतं ते पिंपरी कॅम्पातलं दुकान. माझ्या शेजारी एक सोळा इंची धूड बसलेलं असायचं. त्याची स्क्रीन म्हणजे खिडकीच! येणारं गिऱ्हाईक आधी त्यालाच हात लावायचं आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दिवशी सादिका आली. ती फोटोग्राफर. लग्नं, बारशी आणि चाकणच्या कंपन्यांतले कार्यक्रम ही तिची कामं. सोबत तिचे अब्बा होते, लालमहंमद. दापोडीत त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे.

"बेटा, मोठा घे," अब्बा म्हणाले. "काम डोळ्यांचं आहे."

"अब्बा, काम डोळ्यांचं, पण ओझं खांद्याला! कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, आणि वर हे धूड? दापोडी ते चाकण स्कूटरवर नेऊन दाखवा एकदा. कंपनीवाल्यांना फोटो तिथल्या तिथे नीट करून हवे असतात."

तिने मला एका हाताने अलगद उचललं. मी तर हवेतच गेलो! सोळा इंची बाबा, बसा आता वाट बघत, असं मनात म्हणून घेतलं.

तिची निवड चुकली असं मी आजही म्हणणार नाही. मांडवातल्या खुर्चीवर, टेम्पोच्या हौद्यात, बसस्टॉपच्या कठड्यावर, कुठे कुठे मी उघडलो नाही? जेवणाची पंगत उठायच्या आत नवरीच्या हातात फोटो असायचे. "एवढासा आहे, पण कामाला वाघ," असं लोक म्हणायचे. ते ऐकून माझा पंखा जोरात फिरायचा.

मग मार्चमध्ये चाकणच्या एका कंपनीत सुरक्षा सप्ताह आला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिथल्या अर्जुनराव नावाच्या कामगाराला सन्मानपत्र दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं, मागे वीसेक माणसं उभी राहिली आणि सादिकाने फोटो काढला. अर्जुनरावांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. दिवाळीच्या आधी प्रेस मशीनमध्ये गेली होती ती.

ती कॅन्टीनमध्ये मला उघडून बसली, तेवढ्यात कंपनीचे अधिकारी जयसिंग साहेब आले. "मॅडम, तो हात तेवढा नीट करून द्या. सुरक्षा सप्ताहाच्या फ्लेक्सवर असा हात बरा दिसत नाही."

"सर, बोटंच नाहीत, तर नीट काय करू?"

"लावा ना दोन! तुम्हाला येतं की सगळं. फ्लेक्सवाला थांबलाय."

सादिकाने फोटोतल्या डाव्या हाताची दोन बोटं उचलली, उलटी फिरवली आणि उजव्या हाताला लावली. अर्जुनराव चार टेबलं पलीकडे चहा पीत होते. त्यांना कुणीच विचारलं नाही.

इथे माझं लहानपण नडलं, मित्रांनो. फोटो मोठा केला की माझ्यात एकच हात मावायचा. दोन्ही हात एकत्र बघायचे, तर ते गव्हाच्या दाण्याएवढे दिसायचे. सादिकाला हात छान दिसला. तिने फोटो पाठवला. माझं पोटही लहान, म्हणून दोन दिवसांनी जागा करायला तिने मूळ फोटो पुसून टाकला, कॅमेऱ्याच्या कार्डातूनही.

पावसाळ्यात अर्जुनराव आणि त्यांच्या पत्नी सुमनताई दापोडीला सादिकाचं घर शोधत आले. अर्जुनरावांना कंपनीने कामावरून काढलं होतं. त्यांनी भरपाईचा दावा लावला, तेव्हा कंपनीने तोच फोटो पुढे केला. म्हणे, मार्चमध्ये बोटं शाबूत दिसतात, म्हणजे अपघात नंतर घरीच झाला असणार.

"पोरी," सुमनताई म्हणाल्या, "ह्यांची बोटं दिवाळीच्या आधीच गेली. मार्चात परत उगवली व्हय? तुज्याकडं खरा फोटो असंल, तेवढा दे."

सादिकाने मला उघडलं. सगळे कप्पे धुंडाळले, कचऱ्याची पेटीसुद्धा. मी काय देणार? माझ्याकडे मूळ फोटो उरलाच नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती माणसं गेल्यावर ती रडली. "अब्बा, मी सांगायला गेले तर कंपनीची कामं जातील. लोक म्हणतील, ही खोटे फोटो बनवते."

अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला. "बनवलास ना? मग म्हणू देत. फोटो गेला, तू तर आहेस. जाऊन सांग."

कामगार न्यायालयातल्या सुनावणीला ती मला घेऊन गेली. कंपनीचे वकील होते, जयसिंग साहेब होते. समोर बसलेल्या न्यायाधीश मॅडमना सादिका म्हणाली, "ही बोटं मी लावलीत."

"दाखवा," मॅडम म्हणाल्या.

मला टेबलावर ठेवून तिने तो बदललेला फोटो उघडला. मॅडमनी वाकून बघितलं. फोटो मोठा केला, लहान केला. "हात तर हातासारखाच दिसतोय. तुमच्या तोंडच्या शब्दाखेरीज आहे काय?"

वकील हसले. भर सभेत असा आंधळा ठरण्यापेक्षा माझी बॅटरी संपली असती तर बरं, असं मला वाटलं.

तेव्हा सुमनताई उठल्या. "बाई, आमच्या पत्र्यावर व्हता की हा फोटो! सप्ताह झाल्यावर फ्लेक्स उतरवला, तवा ह्यांनी घरी आणला, पाऊस गळतो म्हणून. मी घेऊन आलीया."

बाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी तो फ्लेक्स अंथरला. दहा फुटांचे अर्जुनराव जमिनीवर पसरले. दोन्ही हात एकाच वेळी, सुपाएवढे. डाव्या बोटात तांब्याची अंगठी, उजव्या बोटातही तीच. डावीकडचं नख काळं पडलेलं, उजवीकडचंही तस्संच काळं. फ्लेक्सकडे इतकं निरखून कोण बघतं हो!

अर्जुनराव खाली बसले आणि फ्लेक्सवरच्या उजव्या हाताशेजारी त्यांनी आपला खरा हात ठेवला.

मॅडमनी सादिकाचा जबाब लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल अजून लागलेला नाही. कंपनीचं बोलावणं बंद झालंय, आणि त्या कंपनीचं बघून इतर दोन कंपन्यांचंही. सादिका आता लग्नांवर घर ओढते. मला खूप वाईट वाटतं तिचं.

सुनावणीच्या दिवशी न्यायालयाच्या गेटबाहेर अर्जुनराव तिला म्हणाले, "आमचा दोघांचा एक फोटो काढ. हात दिसू दे." तिने काढला. माझं पोट भरत आलंय, ती रोज काही ना काही पुसते, पण त्या फोटोला तिने हात लावलेला नाही.

मित्रांनो, खांद्याकडे बघून लहान लॅपटॉप घेतलात तर काही बिघडत नाही. फक्त एवढं करा. ज्या माणसाचा फोटो त्यात घालाल, त्याच्यातलं काही पुसण्याआधी किंवा जोडण्याआधी त्याच्यापाशी जा आणि विचारा. तो चार टेबलं पलीकडेच चहा पीत बसलेला असतो.