रेकॉर्डिंग कार्डात असतं

माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी बोलू देत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि गेली वीस-बावीस वर्षं त्याला धंद्याचं नाव देऊन मी तो खपवला आहे. फोन बिघडलेला माणूस खरं बोलत नाही, असं माझं ठाम मत. बादलीत पडलेला फोन ‘आपोआप’ बंद पडलेला असतो, आणि ज्यानं चार ठिकाणी बोटं घातलेली असतात तोच ‘मी कशाला हातसुद्धा लावला नाही’ असं छाती ठोकून सांगतो. म्हणून मी विचारीन तेवढंच सांगा, हा माझा खाक्या. त्यामुळे आसपासचे लोक मला मास्तर म्हणतात. काउंटरवर बसून फोनांना चिठ्ठ्या लावणारी माझी बायको म्हणते, मास्तर बरा, तो निदान वर्षाच्या शेवटी पास तरी करतो.

ड्रायव्हरकाकांचा फोन सहा वर्षांपूर्वी मीच रूट केला होता. रूट करणं म्हणजे कंपनीनं फोनला घातलेलं कुलूप काढायचं आणि सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातात द्यायच्या. काका लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, आठ-आठ दिवस बाहेर. घरी काकू एकट्या. त्यांचा निम्मा संसार फोनवर चालायचा आणि भांडणंही तिथंच व्हायची. कधी परत यायचं, येताना काय आणायचं, कुणाकडे जायचं ठरलं होतं, यावरून ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘तू सांगितलंच नव्हतंस’. शेवटी वैतागून काका माझ्याकडे आले. म्हणाले, प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायला पाहिजे, एकदा तिला तिचंच बोलणं ऐकवतो.

कंपनीनं ती सोय बंद करून टाकलेली. मी फोन रूट केला आणि कंपनीच्या रिकव्हरीच्या जागी बाहेरची रिकव्हरी बसवली. फोन सुरूच होईना तर मागच्या दारानं आत शिरता यावं, यासाठी ती असते. मग रेकॉर्डिंगचं ॲप घातलं आणि नेहमीच्या पद्धतीनं सगळं रेकॉर्डिंग मेमरी कार्डात जाईल अशी व्यवस्था केली. फोन मेला तरी कार्ड जगतं. महिन्याभरानं काका रस्त्यात भेटले तेव्हा मी विचारलं, ऐकवलंत का काकूंना? ते ओशाळून म्हणाले की नाही, मीच ऐकलं, दर वेळी तिचंच बरोबर निघतं.

यंदा ते आले ते फोन रुमालात गुंडाळून. मी बटण दाबलं. कंपनीचं नाव आलं, फोन थरथरला, विझला, पुन्हा नाव आलं. हे दुखणं मला पाठ आहे. मी विचारलं, अपडेट दाबलंत? त्यांनी मान हलवली. मग मी सुरू झालो. रूट केलेल्या फोनला कंपनीचं अपडेट द्यायचं नसतं, हे मी तेव्हाच बजावलं होतं, फोनच्या खोक्यावर लिहूनसुद्धा दिलं होतं, पण आमचं ऐकतो कोण. काका निमूट ऐकत होते. महिनाभर फोन रोज विचारत होता, म्हणाले, एकदाचं हो म्हटलं की गप्प बसेल असं वाटलं.

मी फोनचं झाकण काढायला घेतलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘ती गेली, मास्तर. सात महिने झाले.’’

बायकोचा चिठ्ठी लिहिता लिहिता हात थांबला. माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी फोनकडे बघत राहायला बरं पडतं.

काका सांगत राहिले. घरात आवाज नाही. रोज सकाळी तोंड धुतलं की तिचा एक कॉल ऐकतात. एकच. पहिल्यापासून, ओळीनं. दुसऱ्या कुणाचा कॉल रेकॉर्ड झाला की काढून टाकतात, यादीत फक्त तिचे. अकराशेच्या वर आहेत, पुरवून पुरवून ऐकायचे. आज चार दिवस झाले, एकही ऐकला नाही. फोन गेला तरी चालेल, दुसरा घेऊ, पण तेवढं वाचवा.

‘‘रेकॉर्डिंगला काही होत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘ते कार्डात असतं. मीच घातलंय ते.’’

‘‘नाही, ते रेकॉर्डिंगचं जरा मधे एकदा…’’

‘‘काका, मी काय विचारतो तेवढं सांगा. आतले फोटो हवेत का?’’

हवेत, म्हणाले. फोन उघडायचा आकडा सांगितला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. काउंटरच्या काचेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. ते गेल्यावर बायको म्हणाली, ते काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, सगळेच काहीतरी सांगत असतात.

पुढचे दोन दिवस मी खरोखर जीव ओतून काम केलं, हे मला लिहायलाच हवं. आतला सगळा मजकूर फोन कुलूपबंद करून ठेवतो, आणि जुन्या रिकव्हरीला ते नव्या अपडेटनंतरचं कुलूप उघडेना. फोल्डरांची नावं वेड्यावाकड्या अक्षरांची दिसत होती. मी नवी रिकव्हरी शोधून आणली, बसवली, काकांचा आकडा घातला आणि नावं सरळ झाली. इतकं बरं वाटलं की मी बायकोला हाक मारून दाखवलं. मग मजकुराला धक्का न लावता फोनची प्रणाली नव्यानं घातली. फोन पुन्हा कंपनीच्या नावाशी अडकला. दुसऱ्यांदा घातली, तिसऱ्यांदा घातली, तेच. नव्या प्रणालीचं आणि जुन्या कुलपाचं काही केल्या पटत नव्हतं.

आता एकच उपाय उरतो. सगळ्याचा बॅकअप कार्डात घ्यायचा, आतला कप्पा पूर्ण पुसायचा, नवं कुलूप तयार होऊ द्यायचं आणि बॅकअप परत आत ओतायचा. हे मी शेकडो वेळा केलंय. फक्त एक खोच आहे. या रिकव्हरीचा बॅकअप ॲपं घेतो, मेसेज घेतो, नंबर घेतो, पण फोनच्या आतली साठवण, म्हणजे फोटो, गाणी, आवाज, हे घेत नाही. ते वेगळं कॉम्प्युटरवर उतरवावं लागतं. नवशिके इथंच आपटतात, आणि असे आपटलेले फोन घेऊन आले की मी त्यांची बिनपाण्यानं करतो.

मी फोटो उतरवून घेतले. सगळी साठवण उतरवायची तर दोन-तीन तास गेले असते, आणि त्यात बाकी होतं काय, डाउनलोड केलेली रद्दी. रेकॉर्डिंगसाठी कार्डात डोकावलो. रेकॉर्डिंगचं फोल्डर होतं, मीच दिलेल्या नावाचं. ते मी उघडलं नाही. नाव बघितलं आणि पुढे गेलो. पुसण्याआधी रिकव्हरी खात्री करून घेते, ‘हो’ असं अक्षरं दाबून लिहावं लागतं. मी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाला. नंबर जागेवर, मेसेज जागेवर, फोटो जागेवर. काकांना निरोप गेला आणि ते तासाभरात हजर झाले. दाढी केलेली, शर्ट धुतलेला. बायकोनं त्यांना स्टूल दिलं. त्यांनी फोन हातात घेतला, रेकॉर्डिंगचं ॲप उघडलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही भरून आलं. यादी पूर्ण होती. प्रत्येक कॉलची तारीख, वेळ, किती मिनिटं, किती सेकंद. ‘‘दोनशे सातपर्यंत आलो होतो,’’ असं म्हणत ते बोटानं यादी सरकवत गेले, दोनशे आठवर थांबले आणि दाबलं.

फाइल सापडली नाही.

त्यांना वाटलं बोट नीट लागलं नाही. पुन्हा दाबलं. मग दोनशे सात दाबला, जो ऐकलेला होता. मग मधलाच कुठला तरी. दर वेळी तीच ओळ. त्यांनी फोन माझ्यापुढे केला आणि म्हणाले, बघा बरं जरा. यादी ॲपची असते, ती बॅकअपमध्ये आली होती. आवाज वेगळे असतात. मी कार्डातलं ते फोल्डर आता उघडलं. आत काही नव्हतं.

मी विचारलं, काका, रेकॉर्डिंग कार्डातून हलवलं होतं का?

हलवलं होतं. दोन वर्षांपूर्वी एकदा फोनवर आलं होतं की कार्ड खराब आहे. ट्रकच्या अड्ड्यावरच्या एका ओळखीच्या क्लीनरनं सगळे आवाज फोनच्या आत घेऊन दिले, नवेही आतच जातील असं करून दिलं. कार्ड नंतर नीट चालायला लागलं, पण काकांनी म्हटलं, राहू दे, आतच सुरक्षित. ‘‘तेच सांगत होतो त्या दिवशी,’’ ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी विचारलं की दुसरा कुठला उपाय आहे का. मी नाही म्हटलं. पुसताना जुन्या कुलपाची किल्लीच नष्ट होते, आणि मागे काही उरलं असलं तरी ते आता कुणालाच वाचता येत नाही. मोठ्या दुकानात नाही, कंपनीत नाही. काकांनी ते शांतपणे ऐकलं. फोनच्या काचेवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, ‘‘मी ते अपडेट दाबायला नको होतं.’’

मी गप्प बसलो. खोटं बोललो नाही, नुसता गप्प बसलो. एवढ्या वेळात तो माणूस सगळा दोष स्वतःच्या पदरात घालून उठून गेला असता, आणि मी पुढचा फोन उघडला असता. मला ते जमलं असतं, हे मला आजही डाचतं. बायको माझ्याकडे बघत होती. तिनं नजर काढली नाही.

‘‘काका, अपडेटनं नाही गेलं,’’ मी म्हणालो. ‘‘अपडेटनंतरही सगळं आत होतं. काल दुपारपर्यंत होतं. मी पुसलं. माझ्या हातानं.’’

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता हा माणूस दुकान डोक्यावर घेईल, आणि घ्यावं असंच मला वाटत होतं. इतकी वर्षं मी लोकांना बोललो, आता कुणीतरी मला चार शब्द सुनवावेत. पण काकांना रागावता येत नसावं, किंवा तेवढी ताकद उरली नसावी. त्यांनी ‘बरं’ म्हटलं. लहान मुलाला समजावून झाल्यावर ते म्हणतं तसं.

ते पुन्हा यादी चाळायला लागले. आता दाबत नव्हते, वाचत होते. हा सतरा मिनिटांचा, म्हणाले, यात तिच्या भाच्याचं लग्न मोडल्याचं सगळं सांगितलं होतं. हा नऊ सेकंदांचा, ‘पोचलात का’ विचारलं आणि ठेवला. या दिवशी एकामागून एक अकरा कॉल आहेत, मी घाटात होतो, रेंज सारखी तुटत होती, ती घाबरली होती. बायको डोळे पुसत होती. मी स्क्रू ड्रायव्हर उगाच एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत होतो. वाचत वाचत ते यादीच्या वरच्या टोकाला आले आणि बोट चुकून सगळ्यात वरच्या ओळीवर पडलं.

फोनमधून आवाज आला.

काका दचकून उभेच राहिले. क्षणभर त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. ‘‘हॅलो,’’ फोन म्हणत होता. ‘‘हॅलो, हॅलो. येतंय का ऐकू? हं. येतंय.’’ तो मी होतो. काम झाल्यावर दुकानाच्या फोनवरून एक कॉल लावून बघायची माझी पद्धत, आणि ॲपनं तो इमानेइतबारे रेकॉर्ड केला होता. अकराशेच्या यादीत वाजणारा तेवढा एकच.

काका हळूच खाली बसले. फोन काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

‘‘हा तेवढा काढून टाका, मास्तर.’’

मी काढला. ॲपनं विचारलं, कायमचं काढायचं का, मी हो दाबलं. बाकीची यादीही साफ करून देऊ का, उगीच त्रास होईल, असं मी घाबरत घाबरत विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. तारखा तरी राहू देत, म्हणाले.

माझी ओळ गेल्यावर आता सगळ्यात वर काकूंचा शेवटचा कॉल आला होता. सात महिन्यांपूर्वीचा, सकाळी दहा वाजून काही मिनिटांचा. एक्केचाळीस सेकंद. काकांनी बाकीच्या इतक्या कॉलांमध्ये काय होतं ते सांगितलं होतं, म्हणून मी विचारून बसलो की यात काय म्हणाल्या होत्या काकू.

काकांनी फोन डोळ्यांजवळ धरून ती ओळ पुन्हा वाचली.

‘‘आठवत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणून तर ठेवलं होतं.’’