दुपारचं चार्जिंग

मास्तरांनी तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला आणि पोरापोरींकडून एकच गोष्ट घोकून घेतली: कीबोर्डकडे बघायचं नाही. आता त्यांना स्वतःला टाइप करायचं तर बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आजारपणानं हात नेले, पाय नेले, जीभ नेली, डोळे तेवढे मागे ठेवले. पलंगासमोर स्टँडवर लॅपटॉप असायचा आणि त्याच्या स्क्रीनखाली पट्टीसारखा एक कॅमेरा. स्क्रीनवरच्या अक्षरावर मास्तरांनी क्षणभर नजर रोखली की ते अक्षर उमटायचं. अशी अक्षरं जुळून वाक्य झालं की लॅपटॉप ते मोठ्यानं बोलून दाखवायचा. लांब वाक्याला चार मिनिटं लागायची. चूक झाली तर मास्तर मागे जाऊन ती दुरुस्त करायचे, मग सहा.

आणि एवढा खटाटोप करून माणूस बोलायचा काय, तर "पडदा ओढ." पडदा ओढून बायको बाहेर जाऊन बसते न बसते तोच, "पडदा सोड." मग "डावा कान." म्हणजे डावा कान खाजवून दे. मग "घड्याळ पाच मिनिटं मागे आहे."

बायकोला अख्खी गल्ली काकू म्हणायची. काकू बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या, झिपा बदलायच्या, जाड झालेल्यांचे कपडे उसवून सैल करायच्या. एक शिवण पुरी होईपर्यंत आतून दोन हुकूम यायचे. दोन वर्षं हेच चाललं होतं. रात्री कूस बदलायची, सकाळी अंघोळ घालायची, भरवायचं, पुसायचं, त्यातून वेळ काढून शिवायचं. काकूंच्या नाकी नऊ आले होते आणि ते त्या कुणाला सांगायच्या नाहीत, कारण सांगायलाही बळ लागतं.

त्यांना विसावा होता तो फक्त चार्जिंगचा. लॅपटॉपला मुळात दोन पोर्ट. त्यातला एक, लॅपटॉप स्टँडवरून पडला तेव्हा कामातून गेला. उरलेल्या एकात कॅमेरा तरी लावायचा, नाहीतर चार्जर तरी. म्हणजे मास्तर बोलणार तेव्हा बॅटरी उतरणार आणि बॅटरी भरणार तेव्हा मास्तर गप्प. दुपारी दोनला काकू कॅमेऱ्याची वायर काढायच्या, चार्जर लावायच्या, "जरा चार्ज होऊ दे हं," म्हणायच्या आणि बाहेर येऊन मशीनशेजारी चटईवर आडव्या व्हायच्या. झोप लागायचीच असं नाही. नुसतं पडून राहायचं, आणि आतून काही येत नाही हे ऐकायचं.

बॅटरी चारला भरायची. काकू आधी सव्वाचारला उठायच्या, मग साडेचारला. अलीकडे पाच व्हायचे.

लेक दूरच्या शहरात. ती फोनवर म्हणाली, "आई, तू हब का घेत नाहीस? एवढासा डबा असतो. त्याची एक वायर लॅपटॉपला, बाकी सगळं त्या डब्याला. चार्जिंग चालू, कॅमेरा चालू. बाबा दिवसभर बोलतील."

"दिवसभर," काकू म्हणाल्या.

"हो ना! आजच जा."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय, असं काकूंच्या मनात आलं. पण लेक खोटं बोलत नव्हती, म्हणून त्या गेल्या. दुकानदारानं काउंटरवर सात-आठ हब मांडले. कुणाला तीन पोर्ट, कुणाला अकरा. एकाला टीव्ही जोडायची सोय, एकाला नेटची वायर.

"काय काय जोडायचंय?" त्यानं विचारलं.

"कॅमेरा. आणि एक स्पीकर."

"आणि चार्जिंग? तेही ह्यातूनच करायचं का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "चार्जिंगचं वेगळं आहे."

तोंडातून निघून गेलं. मागे घेता आलं असतं, दुकानात दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. काकूंनी घेतलं नाही. दुकानदारानं चार पोर्टचा साधा हब पुडीत घालून दिला आणि त्या घरी आल्या.

हबमुळे एक झालं, स्पीकर लागला. "पडदा ओढ" आता पार जिन्यापर्यंत ऐकू जायला लागलं. चार्जिंगसाठी मात्र हब काढावाच लागायचा, आणि दोन ते पाच घर पूर्वीसारखंच शांत राहायचं. लेकीनं विचारलं, "झालं ना काम?" काकू म्हणाल्या, "झालं."

त्यानंतर आठवडाभरानं एके दिवशी काकू उठल्या तेव्हा सव्वापाच वाजले होते. आत गेल्या तर पेटका येऊन मास्तरांचा उजवा पाय गादी आणि पलंगाच्या कठड्याच्या मध्ये पिरगळून अडकला होता. पोटरीत गोळा आला होता, दगडासारखा. डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत वाहून उशी भिजली होती. काकूंनी पाय सोडवला, तेल लावून चोळला आणि मग हब लावून विचारलं, "केव्हापासून?"

मास्तरांनी अक्षरं जुळवली. लॅपटॉप म्हणाला, "साडेतीनपासून." पडदा ओढायला सांगायचा त्याच आवाजात.

काकूंनी हिशेब केला. दीड तासाच्या वर. त्यातला अर्धा तास बॅटरीला लागणारच होता, त्याच्यापुढचा त्यांनी स्वतः घेतलेला होता. चुकून झालं असतं तर रडून मोकळं तरी होता आलं असतं. पण दुकानात काय विचारलं गेलं आणि आपण काय उत्तर दिलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात हजर. "हा बदलून द्या. चार्जिंग होणारा हवा."

"मी विचारलं होतं, काकू."

"विचारलं होतंत. मीच खोटं बोलले."

तो बिचारा सरळ वॅटवर घसरला. हबला सी पोर्ट दिसला म्हणून त्यातून चार्जिंग होतंच असं नाही, शेजारी पीडी लिहिलेलं बघायचं. थोडी वीज हब स्वतःच खातो, तेव्हा चार्जर दमदार हवा, तुमचा चालेल. आधी चार्जर हबला लावा, मग हब लॅपटॉपला. चार्जर मध्येच काढू नका, कॅमेरा क्षणभर बंद पडतो. काकूंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि घरी येऊन तसंच्या तसं केलं. चार्जिंगची खूण दिसली, कॅमेराही चालू राहिला. मास्तर म्हणाले, "छान." काकूंचा जीव भांड्यात पडला.

दुपारचे दोन वाजले. काकूंनी सवयीनं चटई पसरली आणि डोकं टेकलं.

"घड्याळ पाच मिनिटं मागे आहे."

उठल्या, काटा पुढे केला, आडव्या झाल्या.

"डावा कान."

उठल्या.

"पडदा ओढ."

उठल्या. परत येऊन चटईवर गुडघा टेकला तेवढ्यात, "पडदा सोड."

मग मात्र काकू दारातूनच कडाडल्या. "अहो, माणूस आहे की यंत्र आहे मी? दमलेय! हाडं दुखतात माझी! दुपारचे दोन तास होते मला, तेवढेच होते, आणि तेसुद्धा मीच आणलेल्या ह्या डब्यानं खाल्ले!" त्यांना थांबता येईना. "आणि ऐका. चारलाच भरायची ती बॅटरी. पाचपर्यंत मी ठेवायचे. मुद्दाम. तुमचा आवाज नको व्हायचा म्हणून!"

मास्तरांची नजर त्यांच्यावरून स्क्रीनवर गेली. काकू दाराला धरून उभ्या राहिल्या. एरवी त्या हुकूम ऐकूनच आत यायच्या. तो अक्षर अक्षर करून कसा तयार होतो हे बघायला त्या कधी थांबल्याच नव्हत्या. मास्तरांचे डोळे लाल झाले होते. मध्ये एक अक्षर चुकलं. अशा वेळीसुद्धा मास्तर मागे गेले, ते पुसलं, बरोबर केलं आणि मगच पुढे सरकले.

लॅपटॉप म्हणाला, "बोललो नाही तर तू आत येत नाहीस."

काकूंनी बाहेर जाऊन चटई उचलली, उशी घेतली, आणि मास्तरांना मान न वळवता दिसेल अशा बेतानं पलंगासमोर, स्टँडच्या शेजारी अंथरली.

"इथे पडते," त्या म्हणाल्या. "पाय दुखला तर बोला. कान खाजला तरी बोला."

त्यांचा डोळा लागला तो गाढच. जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. त्या धडपडत उठून बसल्या आणि आधी मास्तरांचे पाय बघितले, मग स्क्रीन. चार्जिंग पूर्ण झालेलं होतं, कॅमेरा चालू होता, आणि सबंध दुपारभर मास्तरांनी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.